अंगाई, अफू आणि आईची रात्र

थ्रेड : तान्ह्या बाळाला निजवण्याच्या दोन उपायांचा इतिहास. एक उपाय गळ्यातून येई, दुसरा दुकानातून.

१/ सन १९२२. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाच्या 'लेबर गॅझेट' या मासिकात एका पाहणीचे निष्कर्ष छापून आले. कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने केली होती. त्यातला एक आकडा आजही वाचणाऱ्याला थबकवतो. या स्त्रियांच्या शंभर तान्ह्या मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जात होती.

२/ या अफूच्या गोळीचे नाव मोठे लाडिक होते : बाळगोळी. ज्या भाषेत अंगाई, पाळणा आणि ओवी यांचे एवढे भांडार आहे, त्या भाषेच्या कामगार वस्तीत बाळ गाण्याऐवजी गोळीने का निजू लागले? तत्कालीन लेखनात याचे उत्तर बहुधा आयांच्या अज्ञानात शोधलेले आढळते. ते त्यांच्या दिवसाच्या तासांत अधिक स्पष्ट दिसते. त्यासाठी आधी गाणे नेमके काय करते, ते पाहावे लागेल.

३/ बाळ गाण्याने का निजते, हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोने 'लॉज' या ग्रंथाच्या सातव्या भागात त्यावर विचार केला आहे. त्याचे निरीक्षण असे : झोप न येणाऱ्या मुलाला आया स्थिर ठेवत नाहीत, हातांवर झुलवतात, त्याच्याभोवती शांतता राखत नाहीत, गुणगुणतात. मुलाच्या आत भीतीची एक खळबळ असते आणि बाहेरून मिळणारी संथ, नियमित हालचाल तिच्यावर मात करते, असे त्याचे म्हणणे. चोवीस शतकांपूर्वीच्या तत्त्वज्ञाने दायांचे आणि आयांचे कसब इतक्या गांभीर्याने घ्यावे, हेच विशेष.

४/ त्याहूनही मागे गेल्यास बाबिलोन लागते. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, हाताच्या पंजात मावेल एवढ्या एका मृत्तिका-पाटीवर रडणाऱ्या बाळाला शांत करण्याचा मंत्र कोरलेला आहे. त्यातील तक्रार मोठी घरगुती आहे : तुझ्या रडण्याने घरातल्या देवाची झोप मोडली. मातृप्रेमाइतकीच तिथे घरातल्या इतरांच्या झोपेची काळजी आहे. बाळाची झोप ही पहिल्यापासूनच सगळ्या घराची गरज होती.

५/ अलीकडच्या संशोधनाने प्लेटोच्या निरीक्षणाला मोजमाप दिले. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १४४ तान्ह्या मुलांना अपरिचित भाषांतील गाणी ऐकवली. त्यांत काही अंगाईगीते होती, काही इतर गाणी. भाषा परकी, गाणारा अनोळखी. तरीही अंगाई ऐकताना मुलांच्या हृदयाचे ठोके अधिक मंदावले. जपानमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की आईने कडेवर घेऊन चालायला सुरुवात करताच सहा महिन्यांखालील बाळाचे रडणे व हालचाल कमी होते आणि हृदयगतीही उतरते.

६/ म्हणजे गाणे आणि झुलवणे हे बाळाच्या शरीराशी थेट बोलतात. परंतु या उपायाची एक किंमत आहे आणि ती पैशात नाही. कोणीतरी जागे असावे लागते. ते बाळाच्या जवळ असावे लागते. आणि त्याच्यापाशी अर्धा-पाऊण तास असावा लागतो, कधी त्याहून अधिक. अंगाईचा इतिहास लिहायचा तर तो या तीन अटींचा इतिहास आहे.

७/ मराठीत इथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. पाळणा आणि अंगाई एक नव्हेत. पाळणा हा बहुधा समारंभाचा प्रकार आहे. बारशाला जमलेल्या बायका तो गातात. रामनवमीला भर माध्यान्ही, गोकुळाष्टमीला मध्यरात्री, शिवजयंतीला चौकात पाळणा म्हटला जातो. त्या गर्दीत बाळ झोपावे, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. पाळण्यात जन्माचा उत्सव असतो, वंशाचे आणि पराक्रमाचे कौतुक असते.

८/ अंगाई ही त्या मानाने खाजगी. ती रात्री, दिवा मंद केल्यावर म्हटली जाते आणि तिला श्रोता एकच, तोही अर्धवट जागा. शब्द थोडे, पुन्हा पुन्हा येणारे. चंद्र, गाय, चिऊ-काऊ, झाडावर निजलेली पाखरे. 'जो जो', 'गाई गाई' असे ध्वनी, ज्यांचा अर्थ केवळ नादात आहे. ओळ विसरली तरी बिघडत नाही. आई नवी जोडते. म्हणूनच असंख्य अंगाया कधी कागदावर आल्याच नाहीत.

९/ संतपरंपरेने या प्रकाराला केवढे मोल दिले, याचे उदाहरण मुक्ताबाई. चांगदेव चौदाशे वर्षे जगलेला योगी, अशी आख्यायिका आहे. मुक्ताबाईच्या नावावर असलेल्या एका पाळण्यात ही अल्पवयीन मुलगी त्याच चांगदेवाला आपले बाळ कल्पून निर्गुणाच्या फांदीला टांगलेल्या पाळण्यात निजवते. ज्ञानाने जो लहान, तो पाळण्यात. जो जागा, तो दोरी हाती धरणारा. निजवणाऱ्याचा अधिकार इथे वयाच्याही वर ठेवला आहे.

१०/ सामान्य घरात मात्र ही दोरी धरायला स्वतंत्र वेळ मिळत नसे. त्यामुळे गाणे कामातच मिसळले. पहाटेच्या अंधारात जाते फिरू लागे. मांडीवर किंवा शेजारच्या गोधडीवर मूल असे, आणि जात्याच्या घरघरीवर ओवी चाले. ओवी कधी भावाची, कधी माहेरच्या वाटेची, कधी मांडीवरच्या बाळाची. तोच संथ, फिरता ताल दळणालाही पुरे आणि मुलालाही.

११/ या ओव्यांचे प्रमाण अफाट आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये त्या संकलित केल्या, त्यांत लेकराविषयीच्या ओव्यांना मोठी जागा आहे. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून ठेवल्या. या संग्रहांतून एक गोष्ट कळते. या बायकांना विसावा फारसा नव्हता. पण त्यांचे काम असे होते की त्यात गाता येत असे आणि मूल हाताच्या अंतरावर ठेवता येत असे.

१२/ ही घडी मोडली ती गिरणीने. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, घाटमाथा येथून माणसे परळ-लालबागच्या चाळींत येऊन राहिली. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करीत. पगार कामावर ठरे : जितके सूत, तितके पैसे.

१३/ १९२२ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारांचा दिवस ११ तासांवर आणि आठवडा ६० तासांवर आणला. म्हणजे ही सुधारणा होती! त्यात जाण्यायेण्याचा वेळ, नळावरचे पाणी, चूल आणि धुणे मिळवले, म्हणजे आईच्या दिवसात काय उरत असेल याचा हिशेब करता येतो. यंत्रांच्या खडखडाटात ओवी ऐकू येत नाही, आणि मांडीवर मूल घेऊन रिळे भरता येत नाहीत.

१४/ मग मूल राही घरी : शेजारच्या म्हातारीपाशी, किंवा सहा-सात वर्षांच्या थोरल्या बहिणीपाशी. ते रडू लागले तर दूध पाजायला कोणी नसे. मूल सकाळी भोंग्याआधी निजले आणि संध्याकाळपर्यंत निजून राहिले, तरच घर चाले. ते काम बाळगोळी करी. तिला गळा लागत नसे, ताल लागत नसे, आणि मुख्य म्हणजे माणूस लागत नसे.

१५/ गाण्याची झोप आणि गोळीची झोप यांत एक मूलभूत अंतर आहे. अंगाईने निजलेले मूल भूक लागली की उठते. अफू भुकेची जाणीवच बोथट करते आणि श्वास मंद करते. मात्रा थोडी चुकली तर श्वास थांबतो. मात्रा चुकली नाही तरी दिवसच्या दिवस गुंगीत पडलेले मूल पुरेसे दूध मागत नाही आणि वाळत जाते. मूल शांत आहे, असे बघणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ते उपाशी असते.

१६/ आणि रात्र? दिवसभर गुंगीत पडलेल्या मुलाची रात्रही सरळ जाण्याची शक्यता कमीच. बहुतेक कामगार कुटुंबे एका खोलीत राहत. त्या खोलीत पाहुणे, भाऊबंद, खाणावळीचे गडीही असत. पहाटे सगळ्यांनाच भोंगा गाठायचा. मूल रडले तर दहा माणसांची झोप जाई, भिंतीपलीकडच्या दहांची वेगळी. बाबिलोनच्या पाटीवरचा तो झोपमोड झालेला गृहदेव इथे चाळीच्या रूपाने जागा होत असे.

१७/ हे सारे केवळ हिंदुस्थानातील 'मागास' आयांचे वर्तन होते काय? मुळीच नाही. इंग्लंडच्या गिरणी-शहरांत 'गॉडफ्रीज कॉर्डियल' हे अफूमिश्रित औषध मुलांना सर्रास पाजले जाई. एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात त्यावर कठोर शब्दांत लिहिले आहे. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकले गेले. त्यात मॉर्फिन होते. १९११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याची गणना बालघातक औषधांत केली.

१८/ गिरणी जिथे गेली, तिथे तिच्यामागून अफूची बाटली किंवा गोळी गेली. मँचेस्टरची आई आणि परळची आई यांच्यात धर्म, भाषा, आहार काहीच समान नव्हते. समान होता तो भोंगा. शिवाय मुंबईत ही अफू चोरून येत नव्हती. ती सरकारी परवान्याच्या दुकानात मिळे आणि तिचा महसूल सरकारी तिजोरीत जमा होई. आईला अडाणी ठरवणारी व्यवस्था आणि गोळी विकणारी व्यवस्था एकच होती.

१९/ इथे एक शंका रास्त आहे. गाणे थांबले ते गिरणीमुळे की केवळ दारिद्र्यामुळे? याचे उत्तर एका मराठी कवीकडे मिळते. कवी दत्त, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे, १८७५ साली जन्मले आणि १८९९ साली वारले. त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे ही महाराष्ट्रातील दुष्काळाची आणि प्लेगची वर्षे होत. मराठीतील एक अत्यंत प्रसिद्ध अंगाई त्यांनी लिहिली.

२०/ त्या अंगाईतले घर कमालीचे दरिद्री आहे. धान्याच्या कणासाठी उंदीर खुडबुडतात आणि त्यांच्याही पदरी निराशा येते. बाळाला देण्यासारखे त्या घरात काही नाही. तरीही बाळाशेजारी एक आवाज जागा आहे आणि तो त्याला निजवतो आहे. दारिद्र्य अंगाईला करुण करते. तिला मुकी करत नाही. अंगाई मुकी होते ती गाणारे माणूस उचलून दुसरीकडे नेल्यावर.

२१/ हा मजकूर लिहिणारे दत्त गेले तेव्हा त्यांचा मुलगा चार वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे मराठीतील नामवंत लेखक झाला : वि. द. घाटे. वडिलांचा सहवास इतका अल्प लाभलेल्या या पुत्राच्या वाट्याला एक अंगाई मात्र आली, जी त्याच्यानंतरच्या पिढ्यांनीही पाठ्यपुस्तकांतून आणि आजी-आईच्या तोंडून ऐकली.

२२/ गिरणगावातील प्रश्नाला उत्तर मिळू लागले ते वेळेच्या बाजूने. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. त्याच वर्षी नेमलेल्या व्हिटली आयोगानेही मुलांना अफू देण्याच्या प्रथेची दखल घेतली.

२३/ १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आली. 'पाळणाघर' हा शब्दच पाहावा. घरातला पाळणा कारखान्याच्या आवारात आणण्याची ती कबुली होती. पण याच काळात गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. सवलत देण्यापेक्षा बाईला कामावर न घेणे अनेक मालकांना सोयीचे वाटले, हेही या इतिहासाचे एक पान आहे.

२४/ दरम्यान अंगाई स्वतः घराबाहेर पडली होती. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि चित्रपट यांनी तिला कायमचे शब्द आणि कायमची चाल दिली. १९७७ च्या 'बाळा गाऊ कशी अंगाई' या चित्रपटात सुमन कल्याणपूर यांनी गायलेली अंगाई आज कित्येक घरांत परंपरागत वाटावी इतकी रुळली आहे. त्या चित्रपटाचे नावच एक प्रश्न आहे. गिरणगावातल्या आईनेही तोच विचारला असता.

२५/ आज अंगाई मोबाइलवर तासन् तास वाजत राहते. यावर नाक मुरडणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. वर उल्लेखिलेल्या हार्वर्डच्या प्रयोगातली गाणीही ध्वनिमुद्रितच होती आणि त्यांनी मुले शांत झाली. यंत्रातला सूर अफूसारखा घातक नव्हे. तरी त्याला एक गोष्ट येत नाही. बाळाच्या पापण्या जड झाल्या म्हणून तो आवाज उतरवत नाही, आणि बाळ दचकले म्हणून पहिल्या ओळीवर परत येत नाही.

२६/ गाणारी आई हे न शिकता करते. बाळाचा श्वास लांबला की तिची लय लांबते. शब्द गळतात, मग सूर गळतो, शेवटी नुसते थोपटणे उरते, आणि तेही हलकेच थांबते. अंगाई हे बहुधा एकमेव गाणे असावे, ज्याचे यश श्रोत्याने ते पूर्ण न ऐकण्यात आहे. आणि या गाण्याच्या शेवटी अनेकदा गाणारीही निजलेली असते.

२७/ २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळाली. परंतु बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीला हा कायदा कागदावरही गाठत नाही. ती पहाटेच्या काळोखात पालाबाहेर पडते, मूल फडाच्या कडेला लुगड्याच्या झोळीत ठेवते आणि कोयता हाती घेते. ऊस तोडण्याचा मोबदला वजनावर मिळतो : जितका ऊस, तितके पैसे. हे सूत्र ओळखीचे वाटावे.

२८/ म्हणून अंगाईच्या ऱ्हासाबद्दल हळहळताना आयांना गाणी आठवत नाहीत, अशी तक्रार करू नये. बाळगोळी घेणाऱ्या त्या शंभरातील ९८ घरांत अंगाई ठाऊक नव्हती, असे मानायला काही आधार नाही. त्या बायका कोकणातून आणि घाटावरून ओव्यांचे गाठोडे घेऊनच आल्या होत्या. त्यांच्याकडे गाणे होते. ते गायला लागणारा अर्धा तास दुसऱ्याच्या मालकीचा झाला होता.

२९/ एखाद्या समाजात बाळे कशी निजतात, हे पाहिले की त्या समाजात वेळ कोणाच्या हाती आहे ते कळते. अंगाईचा सूर जपण्यासाठी संग्रह हवेत, ध्वनिमुद्रणे हवीत. ती झाली, हे थोर काम आहे. पण सूर टिकतो तो रात्री कोणीतरी बाळाशेजारी निवांत बसू शकले तरच. तो निवांतपणा बाईला फुकट मिळालेला नाही. जिथे मिळाला, तिथे तो मागून, भांडून, कायद्यात लिहून घ्यावा लागला.

(थ्रेड समाप्त. कोणाच्या घरी आजी-पणजीची एखादी अंगाई अजून म्हटली जात असेल, तर ती लिहून ठेवावी. आणि ती कोणत्या कामानंतर, किती वाजता म्हटली जाई, हेही सोबत लिहावे.)